पात्र गाळले की तात्पर्य?

रामपायलीच्या बालाजी मंदिराच्या ओसरीवर परवा टोल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वरील चित्रपटत्रयीचा (२००१–२००३) वाद रंगला. एक पक्ष म्हणे, टॉम बॉम्बाडिल वगळला, हा ग्रंथद्रोह! दुसरा म्हणे, तिसऱ्या भागाला २००४ मध्ये ११ ऑस्कर मिळाल्यावर तक्रार कसली?

दोन्ही युक्तिवाद लंगडे आहेत. अक्षरनिष्ठा हीच कसोटी मानली, तर वाल्मीकींहून वेगळे वळण घेणारे नाथांचे भावार्थरामायणही दोषी ठरेल. आणि पारितोषिक म्हणजे न्यायनिवाडा नव्हे.

खरा आक्षेप निराळाच. ग्रंथात वीर परततात, तो त्यांचा शायर प्रांतच नासलेला. तो त्यांना स्वतः सोडवावा लागतो. पडद्यावर तो जसाच्या तसा! रावण पडला तरी अयोध्या सांभाळावीच लागते, हा बोधच तेथे लोपला. पात्र गाळणे क्षम्य. तात्पर्य गाळणे कदापि नाही.