बंद हॉर्नवर मोठा हॉर्न हा इलाज नव्हे

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतले रस्ते ट्रॅक्टरच्या मालकीचे होतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला ऊस, मागे लाल दिवा असलाच तर नशीब आणि चालकाच्या डोक्याशी दणदणणारे साउंड बॉक्स. अशा वरातीमागे एखादी जुनी मारुती ८०० अडकते. पुढे जायचे तर ट्रॅक्टरवाल्याला कळायला हवे. गाडीवाला स्टेअरिंगवर तळहात दाबतो, आवाजच नाही. मग तो दिवे मिचकावून पाहतो; पण ट्रॅक्टरला आरसा असेल तर ते दिसणार ना! शेवटी खिडकीतून हात काढून दरवाजाच्या पत्र्यावर थापा मारतो आणि अंदाजाने गाडी उजवीकडे घालतो.

हीच गाडी दुसऱ्या दिवशी गॅरेजवर जाते. "उस्ताद, हॉर्न वाजंना." उस्ताद बॉनेटसुद्धा उघडत नाहीत. "नवा टाकू की भाऊ. हा गेला. मोठाच बसवू, लांबून ऐकू जाईल." तासाभरात ट्रकला शोभेल असा हॉर्न त्या इवल्याशा गाडीच्या जाळीमागे बसतो, गिऱ्हाईक खूश होते आणि मूळ बिघाड जिथे होता तिथेच राहतो.

जालना जिल्ह्यातच हे घडते असे नाही. पण इथे जुन्या गाड्या पुष्कळ आहेत. शेवटची मारुती ८०० कारखान्यातून बाहेर पडली २०१४ च्या जानेवारीत, म्हणजे या जातीची सर्वांत तरुण गाडीही आता दहा वर्षांपुढची आहे. जुन्या सुमो, बोलेरो आणि इंडिका तर खेड्यापाड्यांत अजून रोजच्या राबत्या आहेत. या गाड्यांचा हॉर्न बंद पडला म्हणजे हॉर्नच खराब झाला, ही समजूत बऱ्याचदा चुकीची ठरते. संशयितांच्या यादीत हॉर्नचे नाव शेवटी यायला हवे आणि गॅरेजवर ते पहिले येते.

हॉर्नच्या पोटात फार काही नसते. तांब्याच्या तारेची कॉइल, पोलादी पातळ पडदा आणि दोन कॉन्टॅक्ट पॉइंट. वीज आली की कॉइलचे चुंबक होते, पडदा आत ओढला जातो. पडदा ओढला गेला की पॉइंट उघडतात, वीज तुटते, पडदा मागे येतो आणि पॉइंट पुन्हा जुळतात. हा खेळ सेकंदाला चारशे-पाचशे वेळा चालतो आणि त्याचाच आवाज आपण ऐकतो. एवढ्या साध्या यंत्राला बिघडायला जागा तरी किती? पॉइंट काजळतात किंवा चिकटतात, पडदा गंजतो, पाणी शिरते. बाकी सगळे बिघाड हॉर्नपर्यंत येणाऱ्या वाटेवरचे.

म्हणून चांगला वायरमन आधी प्रश्न विचारतो. हॉर्न पूर्ण मुका झाला आहे, नुसती 'टिक' येते, घसा बसल्यासारखा वाजतो, की आपोआप वाजतो? या प्रत्येक तक्रारीचा माग वेगळ्या ठिकाणी जातो. बॉनेटमध्ये रिलेची, म्हणजे बटणाच्या इशाऱ्यावर हॉर्नला वीज सोडणाऱ्या स्विचची, 'टिक' येत असेल तर फ्यूज, स्टेअरिंगवरचे बटण आणि तिथवरची वायर बहुधा ठीक आहे, शोध रिलेच्या पुढे घ्यायचा. कसलाच आवाज नसेल तर फ्यूजपासून सुरुवात. फ्यूज नुसता बघून भागत नाही. टेस्ट लॅम्प त्याच्या दोन्ही बाजूंना लावून पाहावा लागतो, कारण केसाएवढी चीर डोळ्याला दिसत नाही.

टेस्ट लॅम्प म्हणजे १२ व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी. हे गरीब हत्यार महागड्या मल्टिमीटरपेक्षा इथे जास्त खरे बोलते. जुन्या वायरीच्या आतल्या तारा एकेक करून तुटत जातात, वरचे प्लास्टिक मात्र शाबूत दिसते. एकच तार जोडलेली उरली तरी मल्टिमीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो वीज जवळजवळ ओढतच नाही. हॉर्नला मात्र तीन-चार अँपिअर लागतात आणि ते त्या एका तारेतून जात नाहीत. बल्ब लावला की तो मिणमिणतो आणि चोरी उघडी पडते. मल्टिमीटरच वापरायचा असेल तर दुसऱ्या माणसाला हॉर्न दाबून धरायला सांगायचे आणि त्याच वेळी हॉर्नच्या टर्मिनलवर मोजायचे. बॅटरीवर साडेबारा आणि हॉर्नवर नऊ व्होल्ट भरले, तर साडेतीन व्होल्ट वाटेत कुठे तरी खाल्ले जाताहेत. असा हॉर्न रेड्यासारखा हंबरतो आणि गिऱ्हाईक म्हणते, हॉर्न जुना झाला.

सगळ्यात जास्त फसवतो तो अर्थ. अनेक जुन्या गाड्यांत हॉर्नला एकच वायर येते, परतीची वाट म्हणजे हॉर्नची पट्टी, नट आणि गाडीचा पत्रा. त्या नटाखाली गंज चढला की वाट बंद. कोणी गाडीचे डेंटिंग-पेंटिंग करून घेतले, पुढची पट्टी झकास रंगवली, आणि त्या दिवसापासून हॉर्न मुका, असेही होते. रंगातून वीज जात नाही, एवढेच कारण. नट सोडून पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासला की काम झाले. मराठवाड्याच्या काळ्या मातीचा चिखल इथे विशेष त्रास देतो. पावसाळ्यात तो चाकांवरून उडून जाळीच्या मागे बसतो, वाळला तरी ओल धरून राहतो आणि टर्मिनल हिरवे करून टाकतो. कपाशीच्या दिवसांत जिनिंगच्या आसपास वावरणाऱ्या गाड्यांत त्यावर तंतूंचा थर वेगळाच. हॉर्नचे तोंड खाली असावे ही साधी गोष्ट, पण नवा हॉर्न बसवताना कित्येकदा ते वर ठेवले जाते आणि पहिल्याच पावसात त्यात पाणी भरते.

अर्थ आणि वायर दोन्ही निर्दोष ठरले, की मगच हॉर्नची पाळी. बॅटरीवरून दोन वायरी थेट हॉर्नला द्यायच्या, पण शेवटचा स्पर्श हॉर्नपाशी करायचा. बॅटरीपाशी ठिणगी पडू देऊ नये, चार्जिंगच्या वेळी तिच्यातून हायड्रोजन निघत असतो. थेट विजेवरही हॉर्न गप्प राहिला तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकून पाहावे, चिकटलेले पॉइंट कधी कधी तेवढ्याने सुटतात. मागे रंगाने किंवा गोंदाने बुजवलेला एक स्क्रू असतो. तो आठवा हिस्सा इकडे-तिकडे फिरवला तर बसलेला आवाज खुलतो. जास्त फिरवला तर पॉइंट जळतात, आणि मग उस्तादांचे 'हा गेला' खरे होते.

हॉर्न आपोआप वाजण्याचा प्रकार तर मजेशीरच आहे. लग्नाच्या मांडवात शिरताना गाडी डावीकडे वळते आणि कोणी हात न लावता भोंगा सुरू होतो. पाहुणे टाळ्या वाजवतात, चालक घामाघूम. बऱ्याच गाड्यांत स्टेअरिंगवरचे बटण हॉर्नच्या वायरीला फक्त अर्थ देण्याचे काम करते. ती वायर स्टेअरिंगच्या दांड्यापाशी घासून उघडी पडली आणि पत्र्याला टेकली, की गाडीला वाटते बटण दाबले आहे. ज्या गाडीत बटणातून बॅटरीचीच वीज पुढे जाते, तिथे तीच घासलेली वायर हॉर्न वाजवत नाही, फ्यूज उडवते. बिघाड एकच, लक्षणे उलटी. एअरबॅग असलेल्या गाड्यांत स्टेअरिंगखाली क्लॉक स्प्रिंग नावाची गुंडाळलेली पट्टी असते. ती तुटली की हॉर्न जातो आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो. अशा गाडीचे स्टेअरिंग रस्त्याकडेला पान्याने उघडणे हे निव्वळ धाडस आहे. एअरबॅग ही बारूद भरलेली वस्तू आहे. बॅटरी सोडून, थोडा वेळ थांबून, जाणत्या माणसानेच ते काम करावे.

आता उडणाऱ्या फ्यूजबद्दल. फ्यूज का उडतो हे शोधायला वेळ लागतो, म्हणून त्याच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळण्याची रीत अजून गेलेली नाही. त्याने हॉर्न वाजतो, हे खरे. पण पुढच्या वेळी शॉर्ट झाले तर फ्यूजऐवजी वायर तापते आणि तिच्या शेजारी पेट्रोलची नळी असू शकते. फ्यूज हा मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा आहे. तो पक्का करणाऱ्या मिस्त्रीला पैसे देऊ नयेत, एवढे कठोर गिऱ्हाइकाने व्हायलाच हवे.

मोठ्या हॉर्नचे नुकसान इथेच कळते. ज्या जुन्या गाड्यांत रिले नाही, तिथे हॉर्नचा सगळा करंट बटणातून जातो. मूळ हॉर्नला पुरेल एवढीच ती वायर आणि तेवढेच ते बटण. त्यावर दुप्पट-तिप्पट वीज ओढणारा हॉर्न लादला, की काही दिवसांनी बटणाचे कॉन्टॅक्ट जळतात. गिऱ्हाईक पुन्हा गॅरेजवर येते, आणि आता दोन बिघाड झालेले असतात.

कायद्याला असला दणका अभिप्रेत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला ११९ वा नियम प्रत्येक मोटारीला पुरेसा इशारा देणारा इलेक्ट्रिक हॉर्न बंधनकारक करतो, आणि कर्कश, भयकारी किंवा अनेक सुरांत वाजणाऱ्या हॉर्नला मनाई करतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९४-एफ हे कलम आले. विनाकारण हॉर्न वाजवला तर पहिल्यांदा १००० आणि पुन्हा केल्यास २००० रुपये दंड. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीचा १०० मीटरचा शांतता टापू असो की रात्री दहानंतरची नागरी वस्ती, तिथे हॉर्नला बंदीच आहे.

सरकारचे सगळे लक्षही या एकाच बाजूला लागलेले असते. ३० एप्रिल २०१५ रोजी राज्याच्या परिवहन आयुक्तांनी ट्रकच्या मागचे 'हॉर्न ओके प्लीज' पुसायला लावले. मुंबई वाहतूक पोलिसांनी २०२० च्या जानेवारीत एक प्रयोग जाहीर केला. सिग्नलवर आवाज ८५ डेसिबलपुढे गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजले जात. २०२१ मध्ये नाशिकला नितीन गडकरी यांनी हॉर्नमध्ये बासरी, तबला, हार्मोनियम वाजावी अशी कल्पना मांडली. कल्पना रम्य आहे. ट्रॅक्टरच्या साउंड बॉक्सपुढे बासरीचे काय होईल हा प्रश्न वेगळा. या सगळ्यात न वाजणाऱ्या हॉर्नचा विचार कोणी केल्याचे दिसत नाही.

जालना शहरात राहणारा माणूस यावर म्हणेल, काही हॉर्न बंद पडलेलेच बरे. गांधी चमन किंवा मामा चौकातून संध्याकाळी एकदा चालत गेलेल्याला हे म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे. तिथे नव्वद टक्के हॉर्न नुसत्या वैतागाचे असतात. पण शहराबाहेर, भोकरदनकडे किंवा मंठ्याकडे जाताना, आंधळ्या वळणावर किंवा पिकातून रोह्यांचा कळप रस्त्यावर येताना दिलेला एक छोटा हॉर्न वैतागाचा नसतो. आणि गंमत अशी की शहरातले कानठळ्या बसवणारे हॉर्न आणि गावाकडचे मुके हॉर्न एकाच गॅरेज-संस्कृतीची लेकरे आहेत. बिघाड शोधायचा नाही, आवाज वाढवायचा.

समृद्धी महामार्गाने हॉर्नची मर्यादाही दाखवून दिली आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि जालन्याच्या गाड्यांना ताशी १२० किलोमीटरची मुभा मिळाली. त्या वेगात गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. पुढच्या बंद काचेच्या गाडीत तुमचा हॉर्न पोहोचून माणूस सावध होईपर्यंत अंतर संपलेले असते. तिथे ब्रेक आणि टायर आधी, हॉर्न नंतर. जुनी गाडी तिकडे नेणाऱ्याने कितीही मोठा हॉर्न बसवला तरी हे गणित बदलत नाही.

मग करायचे काय? टॅक्सी, जीप, टेम्पो अशा वाहनांना फिटनेसची तपासणी असते आणि तिच्यात हॉर्न आहे. खाजगी मोटारीला मात्र नोंदणीनंतर थेट पंधरा वर्षांनी नूतनीकरणासाठी परिवहन कार्यालयाच्या आवारात उभे राहावे लागते. त्या दिवशी उभ्या गाडीत, दिवे बंद ठेवून एकदा हॉर्न दाबला तर काहीच कळत नाही. हेडलाइट आणि पंखा चालू ठेवून, स्टेअरिंग आधी डावीकडे, मग उजवीकडे पूर्ण फिरवून हॉर्न वाजवायला लावावा. कच्ची वायर, खराब अर्थ आणि घासलेला कॉन्टॅक्ट यांतले बरेच काही अर्ध्या मिनिटात बोलू लागते. जुनी गाडी घेणाऱ्यानेही सौदा ठरण्याआधी हेच करावे. आणि गॅरेजच्या बिलावर 'हॉर्न बदलला' एवढेच लिहिले असेल, तर पैसे देण्यापूर्वी उस्तादांना विचारावे, का बदलला? जुना हॉर्न पिशवीत घालून परत मागावा आणि तिथेच बॅटरीला थेट लावून पाहावा. तो वाजला, तर नव्या हॉर्नचे पैसे कशाचे, हा प्रश्न उस्तादांनाच पडू द्यावा.