गाडी गेली, नाव राहिलं

आमची सँट्रो विकली त्या दिवशी बायकोने तिच्या बॉनेटवरून हात फिरवला होता आणि मी हसलो होतो. "गाडी आहे ती, म्हैस नाही," असं काहीतरी बोललोही होतो. २०१६ सालची गोष्ट. घेणारा मेव्हण्याच्या ओळखीतला, शिरूरकडचा मुलगा. बोलायला नम्र, जाताना वाकून नमस्कार वगैरे. पैसे रोख मोजून दिले. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर "आजपासून गाडीची सर्व जबाबदारी घेणार यांची" असं लिहून दोघांच्या सह्या झाल्या. एजंटाने फॉर्म २९ आणि फॉर्म ३० पुढे केले, बोट ठेवलं तिथे मी सह्या केल्या. घेणाऱ्याचं नाव आणि तारीख दोन्ही कोरं. "ते मी भरतो साहेब, आठवड्यात नाव चढवून घेतो." मी म्हटलं, बरं.

पुढे विसरून गेलो. दोन वर्षांनी एका दुपारी बेलीफ दारात उभा. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस. सायकलवरून दुधाचे रतीब घालायला निघालेल्या एका माणसाला पहाटे "माझ्या" गाडीने उडवलं होतं. पाय दोन ठिकाणी मोडलेला. गाडी तोवर आणखी एकाला विकली गेली होती, माझ्या सहीचे कोरे फॉर्म गाडीबरोबरच हातोहात फिरत होते. विम्याची मुदत संपलेली. आणि अर्जात मी प्रतिवादी क्रमांक दोन!

मी तो स्टॅम्पपेपर ब्रह्मास्त्रासारखा जपून वकिलांकडे नेला. त्यांनी वरवर वाचला आणि विचारलं, "यावर त्या दूधवाल्याची सही आहे का?"

त्या एका प्रश्नात सगळा कायदा आला. तो कागद माझा आणि घेणाऱ्याचा आपसातला. ज्याचा पाय मोडला त्याचा त्याच्याशी संबंध काय? मोटार वाहन कायद्याच्या (१९८८) व्याख्येप्रमाणे मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली आहे तो. कलम ५० म्हणतं, गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवावं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. आपण समजतो की नाव चढवणं हे घेणाऱ्याचं काम. कायदा मात्र आधी विकणाऱ्यालाच कामाला लावतो.

वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा तेव्हा ताजा असलेला निकाल दाखवला, ६ फेब्रुवारी २०१८ चा. त्यातली गाडी पहिल्या मालकाने २००७ मध्ये विकली, मग ती एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली, २००९ मध्ये अपघात झाला आणि त्यात एक जीव गेला. आरटीओच्या दप्तरात नाव अजून पहिल्याचंच. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच टाकली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आणखी एक निकाल आला. तिथे तर विक्री होऊन महिनाही झाला नव्हता, घेणाऱ्याची ३० दिवसांची मुदत शिल्लक होती. तरी जबाबदार ठरला तो विकणाराच, कारण नोंदीवर नाव त्याचं.

सुरुवातीला मला हा शुद्ध अन्याय वाटला. मग तारखेला त्या माणसाला पाहिलं. काठी टेकत जिना चढत होता. त्याच्याकडे होता फक्त गाडीचा नंबर. गाडी कोणी कोणाला कधी विकली, कोणत्या चहाच्या टपरीवर व्यवहार झाला, हे शोधत त्याने का फिरायचं? नोंदवहीत ज्याचं नाव आहे त्याला पकडायचं, बाकीचं त्या लोकांनी आपापसात निस्तरावं, हे तत्त्व मला पटलं. खिशाला चाट पडत असतानाही पटलं, हे विशेष.

निकाल लागला तेव्हा आम्ही तिघेही जबाबदार ठरलो, पण तिघांत ठाव लागणारा मी एकटाच होतो. पैसे मी भरले. वकील म्हणाले, घेणाऱ्याकडून वसुलीचा दावा लावता येईल. आता त्या नम्र मुलाचा पत्ता कुठे शोधू?

खरं सांगायचं तर मलाही फार बोलायला तोंड नाही. कॉलेजात असताना मी एक जुनी स्कूटर घेतली होती. कोणा काकांच्या नावावर होती. तीन वर्षं चालवली, नाव बदलण्याचा विचारसुद्धा मनात आला नाही. आपल्याकडे ही गोष्ट चूक मानलीच जात नाही. उलट नाव बदलायचा आग्रह धरणारा माणूस संशयी ठरतो. "घरातलेच ना आपण? विश्वास नाही का?" झालं, आपण गप्प.

आणि प्रश्न फक्त पैशांचा नाही. १० नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ कारमध्ये स्फोट झाला. ती गाडी अनेक हात फिरलेली होती, पण नंबरावरून पोलीस आधी पोहोचले ते गुरुग्रामच्या त्या माणसाकडे, ज्याच्या नावावर नोंद होती. बातमी वाचताना माझ्या पोटात गोळा आला.

तरीही एक तक्रार आहेच. १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम आले. नोंदणीकृत मालकाने अधिकृत डीलरला गाडी दिली आणि तसं ऑनलाइन कळवलं की तो डीलर मालक मानला जातो, पुढचं सगळं त्याच्या माथी. उत्तम. मग मी शेजाऱ्याला गाडी विकली तर हीच सोय मला का नाही? आजही मी एकट्याने कितीही कळवलं तरी घेणाऱ्याने हात हलवेपर्यंत नाव माझंच. दोघांनी आपापल्या मोबाइलवर संमती द्यायची आणि त्या मिनिटापासून जबाबदारी घेणाऱ्याची, एवढंच करायला हवं. दूधवाल्याचं यात काहीच जात नाही, त्याला नोंदीत एक नाव मिळतंच. फक्त ते खऱ्या माणसाचं असेल.

ते होईल तेव्हा होईल. गेल्या वर्षी दुसरी गाडी विकली तेव्हा कोऱ्या फॉर्मवर सही केली नाही. घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत घेतली, चावी देताना तारखेबरोबर वेळही लिहून घेतली, विमा त्याच्या नावावर करण्याचा अर्ज माझ्यासमोर भरायला लावला आणि वीस हजार अनामत ठेवून घेतली. गृहस्थ दुखावले. "आमच्यावर एवढाही भरवसा नाही?"

मी त्यांना दूधवाल्याची गोष्ट सांगितली. ते काही बोलले नाहीत. तीन आठवड्यांनी त्यांच्या नावाचं आरसी बुक घेऊन आले, मी अनामत परत केली. बायकोने चहा टाकला. या वेळी बॉनेटवरून हात मी फिरवला होता, पण ते तिला सांगितलं नाही.