रोटी सोडण्याआधी तपासणी

माझ्या खालाची मुलगी बल्लारपूरला राहते. वर्षभर पोट फुगणं, जुलाब, अशक्तपणा. लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढेना. कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला आणि तिने गहू सोडला. बरं वाटू लागलं. चार महिन्यांनी सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी केली, तर रिपोर्ट निगेटिव्ह. ‘तुला काही झालेलं नाही’ म्हणत घरच्यांनी पुन्हा रोटी वाढली, आणि दुखणं परत आलं.

रिपोर्ट खोटा नव्हता, वेळ चुकली होती. गव्हातलं ग्लुटेन पोटात गेल्यावर सिलिअ‍ॅकच्या रुग्णाचं शरीर जी प्रतिपिंडं बनवतं, ती टीटीजी-आयजीए चाचणीत मोजतात. गहू बंद केला की ती उतरत जातात, आतड्याचं अस्तरही भरून येऊ लागतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात असं कुणी केलं, आधी लॉग पुसले आणि मग बिघाड शोधला, तर त्याला बोलणी बसतात.

‘आपण भात खाणारे, आपल्याला गव्हाचा आजार कसा?’ हे गडचिरोली, ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडे हमखास ऐकू येतं. यात थोडं तथ्य आहे. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सिलिअ‍ॅकचं प्रमाण उत्तर भारतातल्या प्रौढांत 1.23 टक्के आणि दक्षिणेत 0.10 टक्के आढळलं. पण या आजाराला लागणारी जनुकं दोन्हीकडे जवळपास सारखीच होती. मोठा फरक गहू खाण्यात होता. आणि चहासोबतचा टोस्ट, बिस्किटं, पाव, ईदच्या शेवया हा सगळा गहूच.

आपल्याकडे फिकट दिसणाऱ्या मुलाची आधी सिकलसेल तपासणी होते. ते योग्यच आहे. 1 जुलै 2023 पासून तर त्यासाठी राष्ट्रीय मिशनही सुरू आहे. पण रिपोर्ट निगेटिव्ह आला की लोहाच्या गोळ्या हातात पडतात आणि विषय संपतो. गोळ्या नीट घेऊनही रक्त वाढत नसेल, मुलाची वाढ खुंटली असेल, तर डॉक्टरांना टीटीजीबद्दल स्पष्ट विचारा. सोबत एकूण आयजीएही मोजायला सांगा. काहींच्या शरीरात ते मुळातच कमी असतं आणि मग टीटीजी फसवी निगेटिव्ह येते. रक्तात दोष दिसला तर मोठ्यांमध्ये सहसा दुर्बिणीने लहान आतड्याचे तुकडे घेऊन खात्री करतात. पथ्य जन्मभराचं आहे, मसाल्याच्या डब्यातल्या हिंगातसुद्धा मैदा निघतो. एवढं सगळं अंदाजावर कोण पाळणार? भात आणि ज्वारी मात्र चालते, तेवढं आपलं नशीब.

ज्यांनी गहू आधीच सोडला आहे, त्यांना ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांनुसार किमान सहा आठवडे रोज एकाहून अधिक जेवणांत ग्लुटेन खाऊन मग तपासणी करावी लागते. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करा.

दोन्ही जिल्ह्यांच्या आरोग्य यंत्रणेकडे आमची मागणी साधी आहे: सिकलसेल निगेटिव्ह, पण लोहाला दाद न देणाऱ्या प्रत्येक रुग्णाला ही चाचणी सरकारी दवाखान्यातून मोफत मिळावी.

बहिणीचा रोटीचा तिसरा आठवडा सुरू आहे. पोट दुखतं, तरी खाते.