अद्भुताचे वावडे कशासाठी?

वरोऱ्याहून एका भगिनीने आमच्याकडे विचारणा केली आहे. मुलगा आठवीत आहे आणि सुट्टीत वाचायला 'हॅरी पॉटर' हवे म्हणून हटून बसला आहे. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, चेटूक आणि मंत्रतंत्र वाचून मुलाच्या डोक्यात भलतेच काही शिरेल. शिवाय हे सारे आपल्याकडे असताना उसनवारी कशाला? प्रश्न एका घरापुरता नाही, म्हणून येथे घेत आहोत.

वडीलधाऱ्यांची पहिली शंका आम्ही हसण्यावारी नेणार नाही. ज्या जिल्ह्यात करणी आणि भानामती हे शब्द आजही भय उत्पन्न करतात, तेथे जादू हा केवळ गोष्टीतला विषय राहत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये याच चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात, वणी खुर्द येथे, करणीच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना बांधून मारहाण झाली. जादूटोणाविरोधी कायदा होऊन तेव्हा आठ वर्षे होत आली होती. परंतु त्या मारहाणीमागे कादंबऱ्यांचे वाचन नव्हते. उलट, ज्या मुलाने उडणारा झाडू कथेत मनसोक्त पाहिला आणि पुस्तक मिटून तो जेवायला उठला, त्याला कथा कोठे संपते हे कळते. शेजारच्या म्हातारीला चेटकीण म्हणणाऱ्यास नेमके तेवढेच कळत नसते.

आता दुसरा मुद्दा. 'हे सारे आपल्याकडे होतेच' हे वाक्य आपल्या परिवारांत फार सहज उच्चारले जाते. ते खोटे नाही. पण उच्चारणाऱ्यांपैकी किती जणांनी 'कथासरित्सागर' उघडला आहे? अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने राणी सूर्यवतीसाठी रचलेल्या या ग्रंथाचे मूळ गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'त आहे, आणि कथेनुसार गुणाढ्य हा प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाचा मंत्री. पैज हरल्यामुळे त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा तिन्ही सोडल्या. विंध्याच्या अरण्यात तो पैशाची शिकला आणि शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्ताने सात लक्ष श्लोक लिहिले. भाषा हलकी, लेखन रक्ताचे, म्हणून राजाने ग्रंथ नाकारला. मग गुणाढ्याने अग्नी पेटवला आणि एकेक पान वाचून तो त्यात टाकू लागला. रानातली जनावरे चरणे विसरून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभी राहिली. इकडे राजाच्या ताटातले मांस शुष्क झाले. वैद्य, स्वयंपाकी, व्याध अशी चौकशी होत होत राजा अरण्यात पोहोचला, तोवर सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. उरले एक लक्ष. ताडोबाच्या वाटेवर राहणाऱ्या माणसाला ही कथा कोणी समजावून सांगण्याची गरज नसावी.

हा ग्रंथ मात्र प्रौढांनी वाचावा. त्यात कपट, व्यभिचार, स्मशान सारे काही आहे. मुलांना त्यातील वेताळाच्या आणि पंचतंत्राच्या कथा निवडून वाचून दाखवाव्यात.

मराठी कादंबरीचे बालपणही अद्भुतातच गेले. हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ ची. पुढे हरिभाऊ आपटे यांनी कादंबरी वास्तवाच्या वाटेला लावली ते योग्यच झाले. पण अद्भुत म्हणजे पोरखेळ ही समजूत त्यानंतर रुजली, ती चुकीची. नाथमाधवांची 'वीरधवल' आजही हातात घेऊन पाहावी. सिंहगडावर शिकारीला गेले असता कड्यावरून पडून ज्याचे पाय कायमचे गेले, त्या माणसाने ती लिहिली. भाषा जुन्या वळणाची आहे, पहिली पन्नास पाने चिकाटी लागेल. नववी-दहावीच्या मुलांना ती पेलते. त्याहून लहानांसाठी भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न आहेच. जयंत नारळीकरांची 'प्रेषित' विज्ञानकथा असली तरी या पंक्तीत बसवायला आमची हरकत नाही.

आणि परकीय म्हणून टाकून काय द्यायचे? टॉल्किनची 'हॉबिट' (१९३७) मुलांसाठी लिहिलेली, तर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) प्रौढांनी वाचावी अशी. पहिलीचा मराठी अनुवाद मीना किणीकर यांनी केला आहे. दुसरीचा मुग्धा कर्णिक यांनी, 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने. यातील नायक अपार सामर्थ्य मिळवायला निघत नाही. हाती आलेले सामर्थ्य नष्ट करायला निघतो. सार्वजनिक कामात असणाऱ्या आमच्या वाचकांनी ती अवश्य वाचावी.

अमीश यांच्या 'मेलुहाचे मृत्युंजय'बद्दल मात्र एक सावधगिरी. ती रंजक आहे, मुले ती झपाट्याने संपवतात. पण ती कादंबरी आहे, पुराण नव्हे, हे घरात स्पष्ट सांगावे. तिच्यातला शिव हा लेखकाच्या कल्पनेतला आहे. मुलांना हे लवकर समजते. घोटाळा होतो तो मोठ्यांचाच.

वरोऱ्याच्या भगिनीला आमचे उत्तर असे: 'हॅरी पॉटर' द्यावे, मराठीत मिळते. मात्र सातही भाग एकदम आणू नयेत. चौथ्या भागापासून कथा गडद होते, मृत्यू समोर येतो. ते भाग आईवडिलांनी आधी वाचावेत. आणि वडीलधाऱ्यांना एक काम सांगावे. बल्लारपूरच्या खांडक्या बल्लाळशहाच्या शिकारी कुत्र्याचाच पाठलाग करणारा, कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा, झरपटीच्या पाण्याने बरे झालेले राजाचे दुखणे आणि राणीच्या सल्ल्यावरून त्या सशाच्या वाटेवर उभे राहिलेले चंद्रपूर, ही कथा त्यांनी नातवाला रात्री सांगावी. दुसऱ्या दिवशी नातवाने त्यांना 'हॅरी पॉटर'चे पहिले प्रकरण मोठ्याने वाचून दाखवावे.