त्याग कुणाचा?

लेंट जवळ आला की आपल्या घरोघरी एकच प्रश्न निघतो, यंदा काय सोडायचे? कुणी चहा सोडतो, कुणी मटण, मुले चॉकलेट. चाळीस दिवसांनी पुनरुत्थानाच्या रविवारी सगळे पुन्हा ताटात येते. यात वाईट काही नाही. पण एवढ्याने आत्मिक वाढ होते असे कुणी म्हणाले तर मला ते पटत नाही.

इंग्लंडात राहणाऱ्या आपणा मराठी ख्रिस्ती लोकांना या दिवसांत पंडिता रमाबाईंची आठवण व्हायला हवी. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इथेच, वाँटेज गावी झाला. (त्या जन्मभर शाकाहारी राहिल्या, तेव्हा लेंटमध्ये मटण सोडण्याचा प्रश्नच नव्हता!) उपास त्यांना नवा नव्हता. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पुण्यासाठी तीर्थयात्रा, दाने, उपोषणे यांत होते नव्हते ते घालवले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले, पाठोपाठ थोरली बहीण. त्या घरात त्यागाची कमतरता मुळीच नव्हती. त्या त्यागाने कुणाचे पोट मात्र भरले नाही, घरातल्या मुलांचेही नाही.

पुढे १८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात पडला तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी बायकामुलींना घेऊन आल्या. १९०० साली गुजरातच्या दुष्काळातही तेच. केडगावच्या मुक्तीत तेव्हा दीड हजारांहून अधिक जीव होते. ज्या बाईला कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ साली 'सरस्वती' म्हटले, तिने आपली सारी विद्वत्ता शेवटी बायबल साध्या बाईला कळेल अशा मराठीत आणण्यात खर्च केली. त्यासाठी ती हिब्रू आणि ग्रीक शिकली. तिने काय सोडले याची यादी करायला बसलात तर फार काही हाती लागणार नाही. तिने काय उचलले ते पाहा.

आता दुसरी बाजू. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. घर, जात, मान सगळे सुटले. त्यांची थोरवी मी मानतो. पण त्या त्यागाची किंमत लक्ष्मीबाईंनीही मोजली, आणि त्यांना कुणी विचारले नव्हते. नवराबायको पाचएक वर्षे वेगळी राहिली. 'स्मृतिचित्रे' हसत हसत वाचताना हे आपण विसरतो.

आपल्या घरांत हे रोज घडते. बाबा दोन दोन शिफ्ट करतात, आईने तिकडची शिक्षिकेची नोकरी सोडून इथे दुकानात गल्ला सांभाळला, आजीला गावी एकटे ठेवले. मग मुलांना ऐकवतो, तुमच्यासाठी आम्ही एवढा त्याग केला! आजीने आणि मुलांनी तो मागितला होता का? प्रभू येशूने 'कुर्बान' म्हणणाऱ्यांना झापले ते याचसाठी: देवाला अर्पण केले म्हणायचे आणि आईबापांना द्यायचे ते चुकवायचे. ते शब्द मला चर्चच्या कमिटीवर चार संध्याकाळी घालवून घरी बायकोला एकटे बसवणाऱ्यांनाही लागू वाटतात. बंधूंनी राग मानू नये.

तेव्हा माझी सूचना अशी. चॉकलेटचे वाचलेले पैसे पेटीत टाकतो ते टाकूच. पण यंदा प्रत्येक घराने चाळीस दिवसांतले चार शनिवार द्यावेत. आपल्यातल्या तीन-चार आजीआजोबांना इंग्रजी बोलता येत नाही, दवाखान्यात डॉक्टर काय म्हणतो ते कळत नाही. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना पहिले आठवडे डोके टेकायला जागा नसते. शनिवार द्यायचा तर आधी घरात विचारावे, कारण तो शनिवार बायकोचा आणि मुलांचाही आहे. ती हो म्हणाली तर सगळ्यांनी मिळून जावे. मुलांना सोबत न्या, मराठीही थोडी कानावर पडेल.

पुढच्या सभेत हा विषय घ्यावा अशी सेक्रेटरींना विनंती आहे. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी येताना आपले मोकळे शनिवार लिहून आणावेत.