गोव्यातलं जुनं घर भाड्यानं घेऊन होमस्टे काढताय? आईची एफडी मोडण्याआधी हे वाचा



मागच्या महिन्यात मौद्याच्या बॅचमधला एक मुलगा वर्ग संपल्यावर थांबला. बाकीचे गेले, हा खुर्च्या लावत बसला. मला वाटलं फीचं काही असेल. तर म्हणाला, "सर, पणजीत घर घेतोय." मी म्हटलं, "विकत?" तर, "नाही सर, भाड्यानं. पाच वर्षांचा करार. दोन खोल्या आहेत, त्या रोजच्या भावानं पर्यटकांना देणार. मालकाला महिन्याला ४० हजार, बाकी सगळं आपलं." पैसा कुठून आणणार, असं विचारल्यावर जरा गप्प झाला. आईची साडेचार लाखांची एफडी आहे.

घर कुठलं, तर फोंताइन्हासमधलं. तुम्ही रील्समध्ये शंभरदा पाहिलेली गल्ली. पिवळी, निळी, लाल घरं, लोखंडी कठड्यांचे सज्जे, दाराशी निळ्या-पांढऱ्या टाइलवर घराचं नाव.

अशा प्रकारच्या धंद्यावर हल्ली खूप व्हिडिओ फिरतात. "एकही घर न घेता महिन्याला लाख कमवा" वगैरे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मलाही विचारलंय. म्हणून आज माझं मत सरळ सांगतो. नागपूर जिल्ह्यात बसून, कर्ज काढून किंवा घरच्यांची ठेव मोडून असं घर घेऊ नका. ज्याला या धंद्यात खरंच यायचंय त्याच्यासाठी दुसरा रस्ता आहे, तो पुढे सांगतो.

आधी जागा समजून घ्या. पणजीच्या आल्तिन्य टेकडीच्या पायथ्याशी, ओरेम खाडीच्या बाजूला हा भाग आहे. पायथ्याच्या झऱ्यावरून त्याला फोंताइन्हास नाव पडलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस मोझांबिकमध्ये पैसा कमावून परतलेल्या एका गृहस्थानं इथं वस्ती वसवायला घेतली. १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली आणि सरकारी नोकरदार, व्यापारी इथं राहू लागले. १८१८ चं सेंट सेबॅस्टियन चॅपेल आजही आहे. शेजारच्या मळा भागात टेकडीच्या उतारावर मारुतीचं देऊळ आहे, त्याची जत्रा भरते. म्हणजे पोर्तुगीज काळातली वस्ती हे खरं, पण ते संग्रहालय नाही. म्हाताऱ्या बायका दुपारी झोपतात, पोरं शाळेत जातात, पाव दारावर येतो, अशी ती जिवंत वस्ती आहे.

आणि पर्यटक पैसे देतो ते नेमके याच गोष्टीचे. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता हिशोब. मी त्या मुलाला फळ्यावर मांडून दाखवला, तोच इथं देतो. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

दोन खोल्या. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत एका खोलीची महिन्याला १८ रात्री विक्री, रात्रीला २,५०० रुपये. म्हणजे महिन्याला ९० हजार, आठ महिन्यांचे ७ लाख २० हजार. पावसाळ्याचे चार महिने एका खोलीला ६ रात्री, भाव उतरून १,५००. त्याचे १८ हजार महिना, चार महिन्यांचे ७२ हजार. वर्षाची एकूण जमा ७ लाख ९२ हजार. इथपर्यंत पोराचा चेहरा फुललेला.

मग खर्च. भाडं ४० हजार महिना, म्हणजे ४ लाख ८० हजार, आणि ते जुलैतही द्यायचंय. बुकिंग ॲपचं कमिशन १५ टक्के धरलं तर १ लाख १८ हजार ८००. वर्षात ३३६ रात्री विकल्या, सरासरी पाहुणा दोन रात्री राहिला तर १६८ वेळा खोली झाडायची, चादरी धुवायच्या. एका वेळचे ४०० धरा, ६७ हजार २०० झाले. वीज, पाणी, इंटरनेट मिळून महिना ६ हजार, वर्षाचे ७२ हजार. बेरीज ७ लाख ३८ हजार.

राहिले किती? ५४ हजार. वर्षाचे! महिन्याला साडेचार हजार.

यात दुरुस्ती नाही. कर नाही. त्याचा स्वतःचा पगार नाही. मौदा ते पणजी हजार-एक किलोमीटरच्या खेपा नाहीत. आणि सुरुवातीला तीन महिन्यांचं डिपॉझिट १ लाख २० हजार, पलंग-गाद्या-एसी-रंगरंगोटीचे ३ लाख, हे ४ लाख २० हजार कधी सुटणार? डिपॉझिट परत मिळेल म्हणा. पण ३ लाखांचं सामान साडेचार हजारांनी सुटायला साडेपाच वर्षं लागतात, आणि करार पाच वर्षांचा. कोणी म्हणेल, सर तुम्ही रात्री कमी धरल्या. बरं, २२ धरा. तरी पहिल्या वर्षी, रिव्ह्यू नसताना, ओळख नसताना २२ रात्री भरतील याची हमी तुम्हाला कोण देणार? व्हिडिओवाला?

दुरुस्तीचं वेगळं बोलू. आपल्याकडे कवेलूचं घर ज्यानं सांभाळलंय त्याला हे सांगायला नको. गोव्यातली ही घरं जांभ्या दगडाची, चुन्याच्या गिलाव्याची, वर कौलं. दर पावसाळ्याआधी कौलं परतायची, फुटलेली बदलायची, लाकूड वाळवीपासून जपायचं. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारला तर ओल आत अडकते आणि दोन पावसात पोपडे सुटतात. हे जाणणारा गवंडी शोधावा लागतो, तो स्वस्त नसतो. करारात "किरकोळ दुरुस्ती भाडेकरू करेल" असं एक वाक्य असतं. छप्पर गळणं किरकोळ की मोठं, यावरच अर्धी भांडणं होतात. मी स्वतः दहा वर्षांपूर्वी एक जुनं गोदाम अशाच वाक्यावर घेतलं होतं. पहिल्या पावसात माल भिजला, मालक म्हणाला किरकोळ आहे. मी ते वाक्य तेव्हा नीट वाचलंच नव्हतं. चूक माझी.

आता कागद. इथं गोवा आपल्यापेक्षा वेगळा आहे आणि नागपूरकडचा माणूस हमखास फसतो तो इथं. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा चालू आहे. वारसाहक्काचा भाग आता २०१२ च्या गोव्याच्या स्वतंत्र अधिनियमात आलाय. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची समाईक. स्थावर विकायची तर दोघांची सही लागते. मुलांसारख्या हक्काच्या वारसांसाठी अर्धी मालमत्ता राखीव, मृत्युपत्रानं कोणाला द्यायचं स्वातंत्र्य उरलेल्या अर्ध्यापुरतं. वाटणी होते ती इन्व्हेंटरी नावाच्या प्रक्रियेतून. ती झाली नसेल तर एका घराला आठ-दहा वारस असू शकतात; एक पणजीत, दोन मुंबईत, बाकी लिस्बनला किंवा लंडनला. तुम्हाला किल्ली दाखवणारा माणूस त्यातला एक असतो. कधी एकही नसतो, नुसता राखणदार असतो. तुम्ही तीन लाख घालून घर सजवलं आणि दुसऱ्या वर्षी एका वारसाची नोटीस आली, तर ॲपवरचे तुमचे पाच तारे कोर्टात चालत नाहीत.

म्हणून एकच प्रश्न विचारा, "करारावर सही कोणाकोणाची?" आणि तिथल्या स्थानिक वकिलाला फी देऊन कागद दाखवा. ओळखीच्या ओळखीतल्या माणसाला नाही.

शिवाय गोव्यात पर्यटकांना खोली द्यायची तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. परदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याची माहिती कळवायची. हे सगळं "नंतर बघू" म्हणणारे खूप आहेत. नंतर दंड बघावा लागतो.

ही कागदाची शिस्त फक्त गोव्यासाठी नाही बरं का. नागपुरात ज्यांचा एखादा फ्लॅट भाड्यानं दिलेला आहे त्यांनीही ऐका. विदर्भात पूर्वी १९४९ चा सी. पी. अँड बेरार भाडे नियंत्रण आदेश होता. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला. त्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. "अकरा महिन्यांचा आहे, नोटरी पुरे," हे आपल्याकडे सर्रास चालतं; ते चुकीचं आहे. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते आधी धरलं जातं, वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. उलट, नोंदलेला लीव्ह अँड लायसन्स असेल तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि न हलणाऱ्याकडून दुप्पट दरानं भरपाई मागता येते. मौद्यात खोली देत असाल तरी हीच सवय लावून घ्या. खर्च थोडा, झोप चांगली.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती. मघाशी म्हटलं ना, पर्यटक वस्तीचे पैसे देतो. मग समजा गल्लीतली दहा घरं होती, त्यातली सात होमस्टे झाली. भाडं चढलं. जो कारकून तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहत होता तो दूर कुठंतरी फ्लॅटमध्ये गेला. किराणा दुकानाच्या जागी कॅफे आला. उरल्या तीन घरांच्या दारात सकाळपासून प्री-वेडिंगवाले उभे. फोंताइन्हासमध्ये लोकांनी कंटाळून "फोटो काढू नका" अशा पाट्या लावल्यात, जाऊन बघा. ते लोकही गेले की पर्यटक कशाचे २,५०० देणार? रंगवलेल्या भिंतीचे?

मुंबईत गिरगावची खोताची वाडी घ्या. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थानं अठराव्या शतकाच्या अखेरीस जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना दिले, त्यातून ती वाडी झाली. घरं पोर्तुगीज वळणाची, आणि माणसं घरात मराठीचीच एक बोली बोलणारी. एकेकाळी ६५ च्या आसपास घरं होती, आज त्यातली निम्मीही नाहीत. तिथं टॉवर आले. वांद्र्याच्या रणवारमध्ये कॅफे आणि बुटिक आले. दोन्हीकडे जुना माणूस कमी होत गेला. आणि खुद्द पोर्तुगालमध्ये? २०१२ नंतर भाड्याचे नियम सैल केले, पर्यटकांच्या घरांचा पूर आला, आणि २०१८ मध्ये लिस्बन पालिकेला आल्फामासारख्या जुन्या मोहल्ल्यांत नव्या नोंदण्या थांबवाव्या लागल्या. पाच वर्षांचा करार करून बसलेल्या माणसासाठी नियम बदलणं म्हणजे काय, याचा विचार करा.

आपण मौदेकरांनी तर एका बाजूवर विसंबलेली मागणी जवळून पाहिली आहे. एनटीपीसीचा प्रकल्प उभा राहत होता, आधी ५०० मेगावॉटचे दोन संच, मग ६६० चे दोन, तेव्हा जो तो वर एक खोली चढवत होता. बांधकामाची माणसं गेली आणि किती जणांच्या खोल्यांना कुलूप लागलं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ज्यांनी त्याच काळात कुटुंबं ठेवली, शिक्षक-नर्स-बँकवाले ठेवले, भाडं पाचशे रुपये कमी घेतलं, त्यांच्या खोल्या आजही भरलेल्या आहेत.

मग त्या पोरानं काय करावं? मी त्याला म्हटलं, भाऊ, तुला घर नको, घर सांभाळायचं काम घे. फोंताइन्हाससारख्या ठिकाणी मालक म्हातारे आहेत, वारस परदेशात आहेत. त्यांना पाहुण्यांचे फोन घेणारा, गवंडी आणणारा, परदेशी पाहुण्यांची माहिती कळवणारा, शेजारच्या आजींची तक्रार ऐकून रात्री दहाला गाणी बंद करायला लावणारा विश्वासाचा माणूस हवा आहे. जमेच्या २० टक्क्यांवर काम घेतलं तर वरच्याच हिशोबात एका घराचे वर्षाला १ लाख ५८ हजार ४०० होतात. भाड्याचा बोजा नाही, डिपॉझिट नाही, गाद्या-पलंग मालकाचे, झाडलोटीचा खर्चही मालकाचा. तीन घरं झाली तर पावणेपाच लाख. त्यातलं एक घर मालकाला सांगून स्थानिक कुटुंबाला सालभर भाड्यानं द्यायला लाव, तिथं कमिशन कमी मिळेल, पण पावसाळ्यातही मिळेल आणि गल्लीत कोणी राहणारं उरेल. अट एकच, तिथं जाऊन राहावं लागेल. कोकणी कानावर पडू द्यावी लागेल. मौद्यातून मोबाइलवर हे होत नाही.

त्याला हे फारसं आवडलं नाही. "सर, म्हणजे नोकरीच झाली," म्हणाला. मी म्हटलं, पहिली दोन वर्षं हो. काम शीक, मग ठरव. आणि घर बघायला डिसेंबरात जाऊ नकोस, डिसेंबरात सगळंच छान दिसतं. जुलैत जा, दहा दिवस तिथंच खोली घेऊन राहा, छत कुठं गळतं बघ, शेजाऱ्यांशी बोल.

परवा त्याचा फोन आला. जुलैचं तिकीट काढलंय. एफडीची पावती आईनं कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला लावली, असं हसत सांगत होता.