रॉकच्या मैफिलीला जा, पण हिशोबही मागा!

१७ मे २०२५ रोजी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर 'गन्स अँड रोझेस' हा अमेरिकन रॉक बँड वाजला. १९८५ साली लॉस एंजेलिसमध्ये निघालेला हा बँड. त्याचा गायक ॲक्सल रोझ त्या दिवशी ६३ वर्षांचा होता. आपल्याकडे या वयाच्या माणसाला ओसरीवर बसवतात. तिथे मात्र त्याचे गाणे ऐकण्यासाठी पोरे हजारो रुपयांची तिकिटे काढून उन्हात उभी राहतात. त्या गर्दीत आमच्या वस्त्यांतली पोरे नव्हती, असे कुणी समजू नये.

वेल्ह्याहून केळदकडे, मढे घाटाच्या अंगाला निघालो की वाटेत पासली लागते. डोंगराच्या कुशीतला हा मुलूख. इथला तरुण शिकून पुण्यात कंपनीत लागतो, चौघांत एक खोली घेतो आणि कोथरूडचा मुलगा जी गिटार ऐकतो तीच हाही मोबाईलवर ऐकतो. पगारातून पैसे बाजूला टाकून असा तरुण रॉकच्या मैफिलीला गेला, की चळवळीतले आमचे काही ज्येष्ठ कपाळाला आठ्या घालतात. गोऱ्यांचा धिंगाणा बघायला एवढे पैसे? आणि जयंतीच्या वर्गणीला खिसा रिकामा? वर्गणीचे पुढे बोलू. आधी 'गोऱ्यांचा' या शब्दाचा समाचार घेतला पाहिजे.

रॉक हे गोऱ्यांचे संगीत नव्हेच. ७ एप्रिल २००३ रोजी मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर 'रोलिंग स्टोन्स' हा इंग्लंडचा बुजुर्ग बँड वाजला, तेव्हा इंग्रजी वृत्तपत्रांना आनंदाचे भरते आले होते. पण या बँडचे नावच मुळात मडी वॉटर्स या काळ्या गायकाच्या १९५० सालच्या गाण्यावरून घेतलेले आहे. कोण हा मडी वॉटर्स? मिसिसिपीतल्या स्टोव्हॉल मळ्यावर राबणारा, ट्रॅक्टर हाकणारा शेतमजूर. गुलामांच्या नातवंडा-पतवंडांनी कापसाच्या शेतात, दारूच्या गुत्त्यात, चर्चच्या ओसरीत जे सूर घडवले त्यांना जगाने 'ब्लूज' म्हटले, आणि त्याच पायावर रॉकचा इमला उभा राहिला. पाया काळ्यांचा, इमल्याचे भाडे मात्र भलत्यानेच गोळा केले. ही तऱ्हा आम्हाला नवी आहे काय? लावणी कुणाची, ढोलकी कुणाची, हलगी कुणाची, आणि पुरस्काराच्या शाली कुणाच्या खांद्यावर पडल्या, हे आम्ही सांगायला नको.

पण काळ्या कलावंतांनी नुसते रडगाणे गायिले नाही, हिशोब मागितला. विली डिक्सन हा शिकागोचा गीतकार. 'लेड झेपलिन' या बड्या बँडने १९६९ साली गाजवलेले एक गाणे आपल्याच गाण्यावरून उचलले आहे, असे म्हणून १९८५ साली त्याने त्यांना कोर्टात खेचले. १९८७ साली तडजोड झाली, पैसे मोजावे लागले आणि पुढे गीतकारांत त्याचे नावही लागले. डिक्सनने एक संस्था काढली. ज्या म्हाताऱ्या ब्लूज कलावंतांच्या मानधनावर कंपन्यांनी डल्ला मारला होता त्यांना ते मिळवून देणे, हे तिचे एक काम. शिकागोत ज्या इमारतीत चेस कंपनी या कलावंतांची गाणी ध्वनिमुद्रित करीत असे, त्याच इमारतीत आज ही संस्था आहे.

खुद्द 'गन्स अँड रोझेस'चे एक प्रकरण आमच्या तरुणांना ठाऊक असले पाहिजे. १९८८ साली या बँडने काढलेल्या एका गाण्यात काळ्यांसाठी जातिवाचक शिवीसारखाच एक शब्द होता. बँडचा गिटारवादक स्लॅश हा स्वतः काळ्या आईचा मुलगा! ऑक्टोबर १९८९ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोलिझियम मैदानावर 'रोलिंग स्टोन्स'च्या आधी दोन बँड वाजत होते. एक 'गन्स अँड रोझेस' आणि दुसरा 'लिव्हिंग कलर' हा काळ्यांचा बँड. 'लिव्हिंग कलर'च्या व्हर्नन रीडने त्याच मंचावरून, हजारोंच्या समोर, त्या शब्दाचा निषेध केला. २०१८ साली बँडने आपल्या जुन्या गाण्यांचा मोठा संच पुन्हा काढला, त्यात ते गाणे घेतले नाही. निषेधाला फळ यायला एकोणतीस वर्षे लागली, पण आले. मैफिलीला जायचे तर रीडचे कान आणि रीडची जीभ घेऊन जावे, एवढेच आमचे म्हणणे.

बाबासाहेबांनी १९४६ साली काळ्यांचे नेते डुबॉइस यांना पत्र लिहिले होते. १९७२ साली आमच्या पोरांनी 'ब्लॅक पँथर'वरून 'दलित पँथर' हे नाव घेतले. तेव्हा हे नाते आजचे नाही. त्या नात्याने ही मैफल परकी ठरत नाही.

आता वर्गणीचे. वामनदादा कर्डक १५ मे २००४ रोजी गेले. गावोगावी त्यांची गाणी वाजतात, पण कॅसेटवर गायकाचे नाव ठळक आणि कवीचे नाव बारीक किंवा गायब, हा आमच्याच लोकांचा कारभार. लोकशाहीर विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रम चालू असतानाच कोसळले आणि गेले. वय ७९. रोलिंग स्टोन्सचा मिक जॅगर २०२४ साली ऐंशी ओलांडून मैदाने गाजवत होता, त्याचे जगाला कोण कौतुक! उमपांच्या ताकदीचा गळा इंग्लंडात जन्मता तर?

सरकार वृद्ध कलावंताला महिन्याला ५,००० रुपये मानधन देते, तेही जिल्ह्याच्या यादीत नाव लागले तर. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत 'कोल्डप्ले' वाजले तेव्हा सर्वांत महाग तिकीट ३५,००० रुपयांचे होते, काळ्याबाजाराची गोष्ट वेगळीच. म्हणजे एका रात्रीच्या एका खुर्चीत आमच्या एका शाहिराचे सात महिने. पण सरकारला शिव्या देऊन आम्हाला सुटता येणार नाही. जयंतीला डीजेच्या भिंतीसाठी मंडळे हजारो रुपये मोजतात, आणि गायन पार्टीला बिदागी देताना घासाघीस करतात. "समाजाचे काम आहे, दादा, समजून घ्या!" डीजेवाल्याला हे वाक्य कुणी ऐकवल्याचे आम्हाला माहीत नाही.

महालक्ष्मीच्या मैदानावर जाऊन आलेल्या तरुणाने हे बदलावे. तिथे मैफल आधी लेखी करार करून ठरते, गाणे कुणी लिहिले त्याची नोंद राहते आणि त्याचा हक्क त्याला पोचतो. पासलीपासून पनवेलपर्यंत ज्या मंडळाला येत्या १४ एप्रिलला गायन पार्टी बोलवायची असेल त्याने सुपारी ठरवतानाच कागद करावा. त्यात गायकाची रक्कम, कोरसची रक्कम, प्रवासखर्च आणि जेवण लिहावे. प्रत्येक गाण्याआधी कवीचे नाव माईकवरून सांगावे. पन्नास रुपयांचे का होईना, तिकीट लावून पाहावे. डीजेला जशी रोख आगाऊ रक्कम मिळते तशी ढोलकीवाल्यालाही मिळावी. रात्री बारा वाजता पेटी आवरत असलेल्या म्हाताऱ्या माणसाला "पैशाचे सकाळी बघू" असे सांगून खजिनदाराने मोटारसायकलला किक मारू नये.